आधी जमीन, मग यान

भाचीच्या शाळेत २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिवसाला, प्रदर्शन होतं. आम्ही मामा-भाचीने चांद्रयान-३ उभं करायचं ठरवलं. विक्रम लँडर नुकताच उतरलाय, प्रज्ञान रोव्हर रॅम्पवरून खाली आलाय, मागे चाकांच्या खुणा. दोन महिने यानावरच खपलो. चार पाय, बाजूची सोलर पॅनल, पोटाखालची चार इंजिनं. चांद्रयान-२ ला पाच होती, हे भाचीला तोंडपाठ. जमिनीचं काय, शेवटी माती पसरू, असं मी म्हणत राहिलो आणि तिथेच घात झाला.

आमच्या बुऱ्हानपुरात मातीला तोटा नाही. केळीच्या बागेतली काळी माती आणली, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून फळीवर थापली आणि ओलीतच विक्रमचे पाय रोवले. पावसाळी हवेत ती चार दिवस ओलीच राहिली. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर बोटभर रुंद भेगा. एका भेगेने पाय मुळापासून ओढला होता आणि विक्रम कलला होता. भाची खाली बसून म्हणाली, ‘‘मामा, चंद्रावर पाऊस पडतो का?’’ तिच्या तोंडाकडे बघवेना.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. चंद्रावर ना वाहतं पाणी ना चिखल, तिथे भेगाळलेली जमीन दाखवणं साफ चूक. शिवाय रंगही चुकला होता. आपली माती काळ्या बसाल्टची. चंद्रावरचे जे काळे डाग आपल्याला इथून दिसतात, त्यांना ती शोभेल. विक्रम उतरला तो दक्षिणेकडचा उंच प्रदेश, तिथला खडक फिका, अ‍ॅनॉर्थोसाइट जातीचा. चाचण्यांसाठी इस्रोने असा खडक तामिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीहून आणून दळला होता. आपल्याला घरी चुलीची राख पुरते. मलमलीतून दोनदा चाळायची आणि थोडं पांढरं सिमेंट मिसळायचं. थर्मोकोलवर आधी पीओपीचा थर द्या आणि तो ओला असतानाच वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाका, खड्डे आपोआप नीट उमटतात. वाळल्यावर फेव्हिकॉलचं पाणी फिरवून वरून कोरडी राख चाळा. स्प्रेचा रंग उघड्या थर्मोकोलवर कधीही मारू नका, थर्मोकोल विरघळतं.

माप मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवा. विक्रम २००० × २००० × ११६६ मिमी, प्रज्ञान ९१७ × ७५० × ३९७ मिमी. दहास एक धरलं तर विक्रम २० सेंमी रुंद आणि प्रज्ञान जेमतेम ९ सेंमी लांब. मी प्रज्ञानला खेळण्यातल्या गाडीची चाकं लावली आणि तो १४ सेंमीचा झाला. विक्रमच्या पोटातून तो बाहेर आला, हे कुणाला पटलं नसतं. खड्ड्यांनाही हेच माप लावा. खऱ्या मोहिमेत २७ ऑगस्टला प्रज्ञानच्या वाटेत ४ मीटर रुंदीचा खड्डा आला, ३ मीटर अलीकडूनच तो दिसला आणि गाडी मागे वळवली. आपल्या फळीवर तो एकटाच ४० सेंमी खाईल. तेव्हा लहान खड्डेच करा.

फळी लांब घ्या, हे सावलीसाठी सांगतो. विक्रम उतरला तिथे, ६९ अंश दक्षिणेला, सूर्य क्षितिजापासून साधारण २१ अंशांच्या वर चढतच नाही. विक्रमची सावली भर दुपारीही त्याच्या उंचीच्या अडीचपटीहून जास्त पडते, म्हणजे आपल्या मापात फूटभर. दिवा एकच लावा, एका बाजूने, कमी उंचीवर. सावलीच्या टोकापासून ६० सेंमी लांब असेल तर फळीपासून साधारण २२ सेंमी उंच. मागचा पडदा काळाच हवा, निळा नको.

आणि सुरुवात मे महिन्यात करा. उन्हाळ्यात पीओपी दोन दिवसांत खडखडीत होतो, ऑगस्टमध्ये पुठ्ठासुद्धा वाकतो. यंदा आम्ही जमीन मेमध्येच संपवली. परवा रात्री भाचीने खोलीतली ट्यूब बंद केली आणि कोपऱ्यातला दिवा लावला. सावली राखेवरून लांब पसरत प्रज्ञानच्या चाकांपर्यंत गेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘‘मामा, अजून जरा खाली घे दिवा.’’