सीतेची वेणी

वैशाख सरत येतो. ऊन मी म्हणत असते. अशा दिवसांत रानातल्या जुन्या आंब्याकडे वर पाहा. एखाद्या फांदीवरून फुलांचा लांब घोस खाली लोंबत असतो. फुले पांढरी, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. जणू कोणी वेणी गुंफून झाडालाच माळली आहे! म्हणून हिला म्हणतात सीतेची वेणी.

ही आमरीच्या जातीची वनस्पती आहे. आमरीलाच शहरातले लोक ऑर्किड म्हणतात. सह्याद्रीच्या रानात ती आंबा, जांभूळ, ऐन अशा झाडांवर वाढते. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथल्या मुली बिहूच्या सणात ते केसांत माळतात. आसामने तर हिला आपले राज्यफूल केले आहे.

हे बांडगूळ नव्हे

पुष्कळ लोक म्हणतात, “अहो, हे तर बांडगूळ! झाडाला खाते. काढून टाका.” आणि कोयता चालवतात. हा समज खोटा आहे.

बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवते. झाडाचा रस पिते. जिथे ते चिकटते, तिथे फांदीला गाठ येते. फांदी हळूहळू वाळते. बांडगूळ दिसले, तर गाठीच्या वीतभर खालून फांदी छाटावी.

सीतेची वेणी तसे करत नाही. तिची मुळे सालीला वरवर धरून राहतात. आत शिरत नाहीत. मुळांवर पांढरी, कापसासारखी मऊ साल असते. ती पाऊस आणि दव शोषून घेते. सालीवरच्या कुजलेल्या पाल्यातून थोडे अन्न मिळते. बाकीचे अन्न पाने उन्हात तयार करतात. झाडाकडून ती फक्त बसायला जागा घेते. पाहुणी आहे, पण स्वतःची भाकर स्वतः मिळवणारी!

ओळखायचे कसे? हिची पाने जाड, पट्ट्यासारखी लांब असतात. ती दोन बाजूंना ओळीने येतात. पानांचे शेंडे कुरतडल्यासारखे दिसतात.

एकदा गेली की लवकर येत नाही

हिच्या एका शेंगेत हजारो बिया असतात. पण बी धुळीच्या कणाएवढे. त्यात अन्नाचा साठा नसतो. सालीवरच्या एका प्रकारच्या बुरशीची मदत मिळाली, तरच ते रुजते. रुजल्यावर फुलायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून फुलासाठी रोप ओरबाडू नका. राखीव जंगलातून झाडे काढणे हा कायद्याने गुन्हाही आहे.

उल्हासनगर १९४९ साली वसले. तेव्हापासून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावे वाढत गेली. घरे झाली, रस्ते झाले, कारखाने झाले. त्यांच्या वाटेत आलेली जुनी झाडे पडली. जुने झाड पडले की त्यावरची वेणीही मरते. तिला वाचवणे मात्र आपल्या हाती आहे.

पडलेल्या फांदीवरची वेणी अशी जगवा

आपल्या परसातली किंवा बांधावरची फांदी वादळात मोडली, तर रोप तसेच टाकू नका.

१. मुळे न तोडता रोप सोडवा. नाही सुटले, तर सालीच्या तुकड्यासकट घ्या.

२. खरबरीत सालीचे झाड निवडा. आंबा उत्तम. पेरूची साल सोलून पडते, तिथे मुळे टिकत नाहीत.

३. पाऊस सुरू होताना रोप फांदीवर ठेवा. मुळांशी नारळाचा थोडा काथ्या लावा. सुंभाने किंवा चिंधीने बांधा. तार वापरू नका. सुंभ कुजेपर्यंत मुळे साल धरतात.

४. सकाळचे कोवळे ऊन मिळावे. दुपारी सावली असावी.

५. माती मुळीच घालू नका. मातीत मुळे कुजतात.

६. पावसाळ्यात पाणी नको. हिवाळ्यात थोडे द्या. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळांवर शिंपडा. पांढरे मूळ हिरवे दिसले, की पाणी पुरे झाले.

चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्यांनी काय करावे? लाकडी फळ्यांची टोपली करावी. तिच्यात लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे भरावे. रोप त्यात बसवून गॅलरीत टांगावे. रोप मात्र रोपवाटिकेतून घ्यावे. तिथे बाटलीत बी रुजवून रोपे करता येतात. त्यासाठी रान लुटावे लागत नाही.

पहिल्या वर्षी फूल आले नाही, तर कंटाळू नका. मुळे स्थिर झाली, की वेणी फुलेल.

सांगा पाहू

१. बांडगूळ आणि सीतेची वेणी यांत फरक काय?
२. हिच्या मुळांना माती का घालू नये?
३. तुमच्या गावात ही कोणत्या झाडावर दिसते? घरातल्या मुलांना ती दाखवा.