महाविद्यालयीन शिबिरे आणि बालसुरक्षा : आपले कर्तव्य

मे महिना आला की बडोद्यातील महाविद्यालयांची मैदाने आणि तरणतलाव लहान मुलांनी गजबजून जातात. शिबिरासाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा म्हणून पालक माझ्याकडे येतात. मी हृदय व छाती तपासतो, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतो आणि सही करतो. तेथे मुलाला सांभाळणार कोण, हे मात्र मी अनेक वर्षे विचारलेच नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी तीनदा आला. तपासणीत काही आढळेना. पोट दुखे ते शिबिराच्या दिवशी. रविवारी मूल ठणठणीत! विश्वासात घेतल्यावर तो इतकेच म्हणाला, "सर कपडे बदलायच्या खोलीत येतात." मी संस्थाप्रमुखांना दूरध्वनी केला. "पाहतो," असे ते म्हणाले. आईने मुलाचे नाव काढून घेतले आणि मी निश्चिंत झालो. बाकीची मुले तेथेच होती, हे मला फार उशिरा जाणवले.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण वाचताना मला तो दूरध्वनी आठवला. २००१ साली तेथील एका तरुण सहायकाने जेरी सँडस्की या माजी फुटबॉल प्रशिक्षकास विद्यापीठाच्या स्नानगृहात एका मुलाशी गैरवर्तन करताना पाहिले. त्याने मुख्य प्रशिक्षकांना सांगितले, त्यांनी वरिष्ठांना. वरिष्ठांनी पोलिसांना मात्र कळविले नाही. सँडस्कीला अटक झाली २०११ मध्ये. २०१२ मध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला. त्यांतील काही गुन्हे २००१ नंतरचे होते. विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांनाही २०१७ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. गुन्हा घडल्याचे कळल्यास, वा घडण्याची भीती वाटल्यास, कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. पुरावा गोळा करणे हे आपले काम नव्हे. तातडीच्या उपचारांसाठी पोलिसांच्या पत्राची वाट पाहू नये, असे २०२० चे नियम सांगतात. मुलांच्या नित्य संपर्कातील संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करावी, हेही त्यांतच आहे.

म्हणून दाखल्यावर सही करण्यापूर्वी मी आता पालकांना चार प्रश्न विचारायला सांगतो. प्रशिक्षकांची पडताळणी झाली आहे काय? कपडे बदलताना व स्नानगृहात देखरेख कोणाची आणि कशी असते? एकट्या मुलाबरोबर एकटी प्रौढ व्यक्ती राहणार नाही, असा नियम आहे काय? मुलाने तक्रार कोणाकडे करावी? १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांना पाठ असावा, हेही मी सांगतो.

तो मुलगा आज तिशीच्या आसपास असेल. त्याने मला सांगितले होते. पुढे जायला हवे होते ते मी. वारंवार पोट दुखणारे मूल आपल्यासमोर येईल तेव्हा, मित्रहो, औषध लिहिण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे आणि ते संस्थेच्या दारापाशी थांबू देऊ नये, एवढीच विनंती.