छातीतली पाठशाळा: थायमस ग्रंथी

॥ श्री गुरुदेव ॥


छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची मऊ ग्रंथी असते. तिचं खरं काम १९६१ साली कळलं. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली. ती पिल्लं संसर्गाने दगावू लागली. दुसऱ्या उंदराची कातडी जोडली, तरी त्यांचं शरीर ती परकी म्हणून ओळखेना.

*इथं काय शिकवतात?*
काही पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि शिकायला इथं येतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. परीक्षा दोन. आपल्या शरीराची खूण वाचता येते का? आणि आपल्याच अवयवांवर उलटते का? नापास झालेल्या बहुतेक पेशी इथंच मरतात. शंभरात जेमतेम चार-पाच पास होतात. आधी विवेक, मग शस्त्र. शरीराचाही नियम तोच आहे.

*घरात काय पाळायचं?*
१. ही शाळा बालपणी जोरात चालते, वयात आल्यावर आकसत जाते. पोटाला नीट न मिळालेल्या लेकराची थायमस तर लवकरच सुकते. म्हणून दूध, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी यात हयगय नको.
२. लस म्हणजे शिकलेल्या पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देणं. बीसीजी जन्मताच, पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना, गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर.
३. म्हातारपणी नव्या टी-पेशी फार थोड्या तयार होतात. आजी-आजोबांचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत असते.

छातीवर बोटांनी ठोकलं की थायमस जागी होते, मग लस कशाला, असे मेसेज फिरतात. याला पुरावा नाही. असा मेसेज आपण पुढे पाठवायचा नाही.

*या महिन्याची सेवा*
निपाणी-चिकोडी भागात विड्या वळणाऱ्या आयांचा एक दिवस बुडाला तर मजुरी बुडते, आणि त्यात बाळाची लस राहून जाते. आपल्या गल्लीत असं घर असेल, तर लसीच्या दिवशी आपल्यापैकी एकाने आईसोबत जावं, नाहीतर घरची थोरली पोरं सांभाळावीत. आपण सगळे मिळून एवढं नक्की करू.

॥ शुभं भवतु ॥