ठेव ठेवण्याआधी विचारायचा एक प्रश्न : "विमा आहे का?"



आजचा पाठ पैसे कसे कमवायचे याचा नाही. कमावलेले पैसे ठेवायचे कुठे, याचा आहे.

आपल्या धारूर तालुक्यात पैसा कसा येतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पट्टा पडल्यावर उचल फिटून उरलेला पैसा, कापसाचा पैसा, सीताफळाच्या हंगामाचा पैसा, नोकरदाराच्या निवृत्तीची रक्कम, नाहीतर रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरं थोडी. बहुतेकांकडे पैसा वर्षातून एकदा-दोनदा, एकगठ्ठा येतो. घरात ठेवला तर तो मोडतो. म्हणून आपण म्हणतो, "कुठंतरी ठेवून देऊ, पोरीच्या लग्नाला होईल."

पण या "कुठंतरी" शब्दातच सगळा घोळ आहे. तो कसा, ते पाहू.

१) आपल्या जिल्ह्याने काय पाहिलं?

बीडमध्ये मुख्य कार्यालय असलेली ज्ञानराधा मल्टीस्टेट ही पतसंस्था आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या संस्थेशी संबंधित उद्योगसमूहावर आयकर विभागाचे छापे पडले. त्यानंतर ठेवीदारांनी शाखांपुढे रांगा लावल्या, पण पैसे मिळेनात. २०२४ मध्ये बीडसह अनेक ठिकाणी गुन्हे नोंदवले गेले, संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली. पुढे अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, मालमत्तांवर टाच आणली. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याजाचं आमिष दाखवलं गेलं होतं. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, तो आपला विषय नाही.

आपला विषय वेगळा आहे. ज्यांचे पैसे अडकले ते लोक अडाणी नव्हते. त्यात शिक्षक होते, व्यापारी होते, निवृत्त कर्मचारी होते. पैसे ठेवताना बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "व्याज किती?" जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, तो विचारलाच गेला नाही. तो प्रश्न म्हणजे, "ही संस्था उद्या बंद पडली तर माझ्या ठेवीला विमा आहे का?"

२) पाटी सारखी, कायदा वेगळा

बँकेत गेलं की काउंटर असतं, कॅशियर असतो, पासबुक असतं, एफडीची पावती असते. पतसंस्थेतही हे सगळं असतं. उलट तिथं बसायला सोफा असतो, चहा मिळतो आणि पिग्मी गोळा करणारा आपल्याच गल्लीतला असतो. "गुरुजी, आपलाच माणूस हाय तिथं," असं पालक मोठ्या विश्वासाने सांगतात. म्हणून आपल्याला दोन्ही एकच वाटतात. पण कायद्याच्या नजरेत त्या वेगळ्या आहेत. तीन प्रकार लक्षात ठेवा.

बँक : सरकारी बँक, खाजगी बँक, महाराष्ट्र ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँक या सगळ्यांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं.

पतसंस्था : ही महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते. तिच्यावर राज्याच्या सहकार खात्याची देखरेख असते.

मल्टीस्टेट : ही केंद्राच्या २००२ च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिचा निबंधक दिल्लीत बसतो. त्यामुळे इथल्या निबंधक कार्यालयात तक्रार घेऊन गेलं तर "हे आमच्या अखत्यारीत नाही" असं उत्तर मिळू शकतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. बँकेत तुम्ही फक्त ठेवीदार असता. पतसंस्थेत आणि मल्टीस्टेटमध्ये ठेव ठेवण्याआधी तुमच्याकडून एक छोटा फॉर्म भरून घेतात आणि थोडे पैसे शेअर्सचे किंवा सभासद फीचे म्हणून घेतात. आपण न वाचता सही करतो. त्या सहीने तुम्ही संस्थेचे सभासद होता. कारण या संस्थांना सभासदांकडूनच ठेवी घेता येतात, रस्त्यावरच्या कोणाकडूनही नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना सावध करताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. काही सहकारी संस्था परवाना नसताना नावात "बँक" शब्द वापरतात आणि नाममात्र सभासदांकडूनही ठेवी घेतात, हे नियमात बसत नाही. आणि अशा संस्थांतल्या ठेवींना ठेव विमा नाही.

३) हा ठेव विमा काय असतो?

१९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि सामान्य लोकांच्या ठेवींचा प्रश्न देशभर गाजला. त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा विम्याची मर्यादा होती फक्त १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. हा विमा देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. तिला सगळे डीआयसीजीसी म्हणतात. ती रिझर्व्ह बँकेच्याच मालकीची आहे.

या विम्याचे नियम सोपे आहेत :

• विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला एक रुपयाही द्यावा लागत नाही.
• बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव सगळं यात येतं.
• ५ लाखांची मर्यादा एका माणसाला, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून असते. धारूरच्या शाखेत ३ लाख आणि त्याच बँकेच्या अंबाजोगाईच्या शाखेत ३ लाख असतील, तर विमा ६ लाखांना नाही, ५ लाखांनाच.
• मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. मुद्दल ४ लाख ८० हजार आणि व्याज ४० हजार असेल, तर मिळणार ५ लाखच.

याचा खरोखर उपयोग होतो का? २०१९ चं पीएमसी बँकेचं प्रकरण आठवा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. लोकांचे फार हाल झाले. पण ती बँक होती, म्हणून विमा होता. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर असे निर्बंध आल्यावर ९० दिवसांत ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेवीदाराला देण्याची तरतूद झाली. पुढे २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. उशीर झाला, पण लहान ठेवीदाराच्या मागे कोणीतरी उभं होतं.

पतसंस्था किंवा मल्टीस्टेट अडचणीत आली तर असं मागे उभं राहणारं महामंडळ नाही. मग मालमत्ता जप्त होणार, लिलाव होणार, कोर्टाचा आदेश येणार आणि जे वसूल होईल त्यातून वाटप होणार. ते कधी आणि किती, हे कोणीच आधी सांगू शकत नाही.

४) जास्त व्याजाचं गणित

सातवीतलं सरळव्याज काढू. समजा तुमच्याकडे २ लाख रुपये आहेत.

बँकेत ७ टक्क्यांनी वर्षाला १४,००० रुपये.
मल्टीस्टेटमध्ये १३ टक्क्यांनी वर्षाला २६,००० रुपये.
फरक १२,००० रुपये.

फरक मोठा वाटतो, बरोबर? आता हाच हिशेब कोयत्याच्या भाषेत करू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. २ लाख रुपये म्हणजे जवळजवळ ५४६ टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असं धरा. म्हणजे २७३ दिवस झाले. पाच महिन्यांचा हंगाम धरला तर जवळपास दोन हंगाम. तेही खाण्यापिण्याचा, दवाखान्याचा एक रुपया खर्च न करता!

आणि वरचे १२,००० म्हणजे किती? ३३ टन. म्हणजे ३३ टनांच्या लोभापायी आपण ५४६ टन पणाला लावतो. मुद्दल बुडालं तर ते या वरच्या १२ हजारांतून भरून निघायला १६ वर्षांपेक्षा जास्त लागतील. हा हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर एकदा मांडा, लेकरांनाही बसवा.

दुसरी गोष्ट. संस्था तुम्हाला १३ टक्के देते, तर ती कमावते किती? पगार, भाडं, एजंटचं कमिशन, बुडीत कर्ज हे सगळं धरून तिला १७-१८ टक्क्यांनी तरी कर्ज द्यावं लागेल. एवढ्या महाग व्याजाने कर्ज कोण घेतो? बहुतेक वेळा ज्याला बँक दारात उभं करत नाही, तोच. म्हणजे तुमचं जास्तीचं व्याज ज्याच्या खिशातून यायचं आहे, त्याची फेडायची ताकदच कमी. जास्त व्याज हे बक्षीस नाही, ती धोक्याची किंमत आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. सगळ्या पतसंस्था वाईट नाहीत. हातगाडीवाल्याला, टेलरला, छोट्या दुकानदाराला बँकेने नाही म्हटलं तेव्हा पतसंस्थेनेच कर्ज दिलं, हेही आपण पाहिलंय. पण संस्था चांगली असणं वेगळं आणि ठेवीला विमा असणं वेगळं. चांगल्या माणसाच्या बैलगाडीलाही उतारावर ब्रेक लागतो.

५) मग ठेवायचे कसे?

पहिली पायरी : जे पैसे बुडाले तर लग्न मोडेल, शिक्षण थांबेल किंवा ऑपरेशन अडेल, ते पैसे फक्त विमा असलेल्या बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पोस्टाच्या बचत योजनांमागे भारत सरकार असतं. किसान विकास पत्राचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ पासून त्याचा दर ७.५ टक्के आहे आणि त्या दराने पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतात. दर तीन महिन्यांनी सरकार दरांचा आढावा घेतं, म्हणून ठेवण्याआधी पोस्टात विचारून घ्या.

दुसरी पायरी : एका बँकेत ५ लाखांच्या वर जात असेल तर दोन बँकांत विभागा. मोबदल्याचे ८ लाख आले असतील तर चार-चार लाख.

तिसरी पायरी : सहकारी बँकेत ठेवताना काउंटरवर सरळ विचारा, "डीआयसीजीसीचा विमा आहे का?" लाजू नका. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर आहे. घरातल्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांत बघता येईल.

चौथी पायरी : प्रत्येक ठेवीला वारसाचं नाव लावा आणि पावती कुठे ठेवली ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

६) पैसे आधीच अडकले असतील तर?

मूळ पावती आणि पासबुक कोणाच्याही हातात देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या. पोलिसांत किंवा आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते आणि विशेष न्यायालयात प्रकरण चालतं. आपलं नाव आणि रक्कम ठेवीदारांच्या यादीत आली आहे का, हे तपासत राहा. बेकायदा ठेवी गोळा होत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवरही तक्रार करता येते.

आणि "दहा टक्के द्या, तुमचे पैसे काढून देतो" असं म्हणणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका. बुडालेल्याला दुसऱ्यांदा बुडवणारे असेच येतात.

अजून एक विनंती. गावातल्या एजंटवर राग काढताना थोडं थांबा. बऱ्याच एजंटांनी स्वतःचे आणि सासरच्या माणसांचेही पैसे तिथंच ठेवले होते. तेही आपल्यासारखेच अडकलेत.

स्वाध्याय

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या ठेव पावत्या बाहेर काढा. वहीत चार रकाने आखा : संस्थेचं पूर्ण नाव, रक्कम, मुदत कधी संपते, विमा आहे की नाही. संस्थेचं नाव वाचताना मोठ्या अक्षरांखालची बारीक अक्षरं वाचा. तिथं "क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटी" लिहिलंय का? नोंदणी क्रमांकात "एमएससीएस" आहे का? असेल तर ती मल्टीस्टेट आहे, बँक नाही. चौथ्या रकान्यात "नाही" आलं तर घाबरून जाऊ नका. मुदत संपायची तारीख लाल पेनाने लिहा आणि त्या दिवशी पावती नूतनीकरणाला देण्याआधी घरात बसून पुन्हा विचार करा.

हा पाठ तुमच्या आई-वडिलांना वाचून दाखवा. पैसे त्यांच्या घामाचे आहेत आणि पावतीवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत.