एका खेड्यातील शिपायाचा शोध



आपल्या कोथरूडलगत कर्वेनगरात शहीद मेजर ताथवडे यांच्या नावाचे उद्यान आहे. तेथे खेळावयास जाणाऱ्या मुलांच्या तोंडी त्या वीराचे नाव सहजच येते. परंतु दूरदेशी कामास आलेल्या खेड्यापाड्यांतील सर्वच शिपायांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावी संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक लढाईस गेले आणि त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर त्यांवर असे, नावे नसत. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एका गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. आकडा वाचून आपण क्षणभर थबकतो, पण माणूस काही कळत नाही. तो कळावा यासाठी काय करावे, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण घेऊ नाईक यशवंत घाडगे यांचे. येथे ‘नाईक’ हे आडनाव नव्हे. तो लष्करातील एक हुद्दा आहे. एका लहानशा तुकडीचे पुढारीपण त्या हुद्देदाराकडे असे. घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. जुन्या कागदांत त्यांचा जिल्हा ‘कुलाबा’ असा आढळेल. १९८१ साली त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. यास्तव शोधकाने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की गाव तेच असले तरी कागदावरील जिल्हा बदललेला असू शकतो.

दुसरी गोष्ट नावाची. आपली नावे इंग्रजी कागदांत शिरताना त्यांचे रूप पालटते. इटलीतच पराक्रम गाजविणारे दुसरे मराठी वीर नामदेव जाधव यांच्या आडनावातील ‘ध’ काही इंग्रजी नोंदींत ‘द’ झाला आहे. म्हणून एका रूपाने नाव सापडले नाही, तर निराश न होता दुसऱ्या रूपाने शोधावे.

तिसरी पायरी सरकारी नोंदीची. घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही पलटण १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढत होती. १० जुलै रोजी शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला चालू असता जवळूनच मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे यांच्या तुकडीतील सर्व शिपाई ठार अथवा जखमी झाले. मागे कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही घाडगे एकटेच पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ व ती चालविणारा यांचा निकाल लावला. नंतर आणखी एकास गोळी घातली. काडतुसे पुन्हा भरण्यास अवधी नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्या दस्त्याने लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागल्या, आणि स्वतः जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षांचे. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिल्याचे जाहीर झाले. ते पदक त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती पडले.

चौथी पायरी स्मारकांची. ज्यांना समाधी नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत यशवंत घाडगे हेही आहेत. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतील माँतोने या गावी २०२३ साली त्यांच्या नावाने एक सूर्यघटिकेचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील बोधवाक्याचा अर्थ आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक प्राणास मुकले. त्या साऱ्यांची आठवण त्यात आहे.

आता थोडा विचार करा. एवढा शोध करून आपल्या हाती काय लागले? जन्माची तारीख, गावाचे नाव, आणि शेवटच्या काही मिनिटांचे सविस्तर वर्णन. मधली बावीस वर्षे गॅझेटात नाहीत. पोर कोणत्या ओढ्यात पोहले, पलटणीत जाताना आईस काय सांगून गेले, हे सरकारी कारकून लिहीत नसतो. शिवाय तो काळ पारतंत्र्याचा होता. १९४२ च्या चळवळीतील पुढारी तुरुंगात असता हा शेतकऱ्यांच्या मुलुखातील तरुण परक्या राज्याच्या सैन्यातून लढत होता. युद्ध कोणाचे होते याविषयी मतभेद होतील. परंतु मेला तो पळसगावचा मुलगा होता, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

नामदेव जाधव यांचा जन्म घाडगे यांच्यानंतर दोनच दिवसांनी झाला. ते युद्धातून परतले आणि १९८४ पर्यंत जगले. त्यांस आपली हकीकत स्वमुखाने सांगता आली. जो परतत नाही, त्याची हकीकत इतरांनीच सांगावी लागते.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस एवढीच विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे मावळात, कोकणात वा देशावर आहेत. कोथरूडच्या जुन्या गावठाणातही पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घराणी आहेत. या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा, की आपल्या कुळातून लढाईवर कोण गेले होते. पेटीत जुने पदक असल्यास त्याची कड निरखून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव व पलटण कोरलेली असते. ते वहीत उतरून घ्या, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांत ते नाव पाहा, आणि त्याखाली आजीच्या तोंडची आठवण लिहा. यादी उद्याही मिळेल. आजीची आठवण मात्र आजच विचारली पाहिजे.