मामांच्या साइटवर किल्ल्या किती?

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी असा प्राणी असतोच, जो सुट्टीत कुणाची तरी वेबसाइट करून देतो. अंधेरीचा स्पेअर पार्टवाला, बोरिवलीचे क्लासेस, मुलुंडचं पोळीभाजी केंद्र. पैसे बेताचेच, पण महिन्यातून चारदा मेस चुकवता येते! मीही त्यातलाच. घाटकोपरला माझ्या मामांचं केटरिंग आहे, त्यांची वर्डप्रेसची साइट मी सांभाळतो. मामांचा फोन ठरलेला: "अरे, ते अपडेट-अपडेट दाखवतंय, दाबू का?" उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

व्हायवात कुणी विचारलं तर सांगायचं, थीम म्हणजे साइटचं दिसणं आणि प्लगिन म्हणजे साइटचं काम. मार्क मिळतील. वर्डप्रेस २००३ साली आलं, त्यात प्लगिनची सोय २००४ मध्ये आणि आजच्यासारख्या थीमची २००५ मध्ये झाली. पण खरी मेख पुढे आहे. दोन्ही शेवटी पीएचपीचा कोडच, आणि वर्डप्रेसमध्ये त्यांना वेगवेगळ्या परवानग्या नसतात. मोबाइलवरचं ॲप निदान विचारतं तरी, की कॅमेरा वापरू का, फोनबुक पाहू का. प्लगिन काही विचारत नाही. एकदा चालू केलं, की ज्या खात्यावरून वर्डप्रेस डेटाबेस उघडतं, त्याच खात्यावरून तेही उघडू शकतं. म्हणजे दिवाळीला पानावर पणत्या लुकलुकवणारं प्लगिन आणि पैसे घेणारं प्लगिन, दोघांच्या हातात अख्ख्या घराची किल्ली! मामांच्या डेटाबेसमध्ये लग्नाच्या ऑर्डरी आहेत, लोकांचे पत्ते, मोबाइल नंबर आहेत. पणत्यांना ते कशाला हवेत?

उदाहरण लांब शोधायला नको. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची 'ॲस्ट्रा' थीम दहा लाखांहून जास्त साइट्सवर आहे, कदाचित तुमच्याही. याच कंपनीच्या 'अल्टिमेट ॲडऑन्स' नावाच्या दोन प्लगिनांत डिसेंबर २०१९ मध्ये भोक सापडलं. गूगल किंवा फेसबुकवरून लॉगिन करण्याची जी सोय होती, तिच्यातून नुसता अ‍ॅडमिनचा ई-मेल माहीत असला तरी आत शिरता येत होतं, पासवर्ड नको! कंपनीने काही तासांत दुरुस्ती काढली, हे तिचं कौतुकच. पण दुरुस्ती निघणं वेगळं आणि ती तुमच्या साइटवर बसणं वेगळं. ज्यांनी बटण दाबलं नाही, त्यांचं दार उघडंच.

उलटा प्रकारही होतो. 'डिस्प्ले विजेट्स' हे सुमारे दोन लाख साइट्सवरचं साधंसुधं प्लगिन मूळ लेखकाने विकलं. नव्या मालकाने २०१७ मध्ये अपडेटमधूनच चोरकोड घातला. साइटवर जाहिरातबाजीचा मजकूर उमटायचा, आणि लॉगिन केलेल्या माणसाला तो दिसायचाच नाही. म्हणजे मालक सोडून बाकी सगळ्यांना दिसणार. काय डोकं म्हणायचं!

म्हणून माझा पहिला नियम, प्लगिन मोजा. मामांच्या साइटवर १९ होती, आता ७ आहेत. नको असलेलं नुसतं बंद करून भागत नाही, त्याच्या फायली सर्व्हरवर पडून राहतात आणि काही वेळा बाहेरून थेट उघडता येतात. पुसूनच टाका. आणि विकतची थीम कुठूनतरी 'फुकट' मिळाली, तर ती फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, याचा जरा विचार करा.

थीममध्ये हात घालायचा असेल तर चाइल्ड थीम करा. वेगळा फोल्डर, त्यात एक स्टाइलशीट, वर 'टेम्पलेट' या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, झालं. मूळ फायलीत केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात. ऑर्डरचा फॉर्म मात्र थीमच्या फंक्शन्स फायलीत कोंबू नका. थीम बदलली की फॉर्म गायब, आणि ऐन लगीनसराईत ऑर्डरी येत का नाहीत म्हणून मामा हैराण!

अपडेटआधी बॅकअप, आणि तो दोन्हींचा: डेटाबेस आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर. नुसत्या फायली ठेवल्यात तर फोटो राहतील, ऑर्डरी जातील. मी आधी हॉस्टेलच्या पीसीवर झॅम्पमध्ये साइटची प्रत चालवतो, तिथे एकेक प्लगिन अपडेट करून फॉर्म भरून पाहतो, मग खऱ्या साइटवर. सगळी एकदम दाबली आणि पान पांढरं पडलं, तर चोर कोण ते शोधत बसा. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगिन आपोआप अपडेट करण्याचीही सोय आहे. परीक्षेच्या दिवसांत मी ती चालू ठेवतो.

आता फायनल इयरवाल्यांसाठी. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून एखादं प्लगिन कोसळलं, तर वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर मेल पाठवतं. त्यातल्या लिंकवरून आत जाऊन ते बंद करता येतं. हा पत्ता तुमचा असेल आणि तुम्ही नोकरीसाठी बंगळूरला गेलात, तर दुकानदाराला कळणार कसं? सेटिंग्जमध्ये जनरलखाली पत्ता बदला, त्यांच्या नावाचं अ‍ॅडमिन खातं उघडा, होस्टिंगचा पासवर्ड लिहून द्या. पत्ता बदलताना नव्या पत्त्यावर आलेली लिंक दाबावी लागते, तोवर जुनाच चालू राहतो. तेव्हा हे काम दुकानात, मालक शेजारी बसलेले असताना करा.