जाळ्याबरोबर काय काय हवे?

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. येथे रोहू, कटला हे मासे मिळतात. त्यांवर अनेक भोई बांधवांची घरे चालतात.

जाळे नीट पाहा. वरच्या दोरीला हलकी बुचे असतात. खालच्या दोरीला शिशाची वजने असतात. म्हणून जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. त्याची भोके मोठी असावीत. लहान मासा निसटू द्या. तोच पुढे मोठा होईल.

पण एवढ्याने भागत नाही. वारा सुटला की लाटा उठतात. होडीत जादा वल्हे ठेवा. पाणी उपसायला डबा ठेवा. पाय जाळ्यात अडकला तर? कमरेला सुरी हवी. अंगात जीवरक्षक जाकीट हवे. जोडीला माणूस हवा.

मासा आज नाही तर उद्या मिळेल. गेलेला जीव परत मिळत नाही.